फ्रोझन फिश कटलेटमध्ये समुद्रशेवाळाचा अर्क घालावा का? नाशिकमधून विचारतेय

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबलाय, तर सांभाळून घ्या. आम्ही तिघीजणी इंदिरानगरमध्ये मिळून दीड वर्ष झालं फिश कटलेट, फिश बॉल आणि थोडं माशाचं लोणचं करून विकतोय, आजूबाजूच्या सोसायट्या आणि दोन छोटी दुकानं एवढंच. रोहू-कटला इथला धरणाचा मिळतो, बांगडा मुंबईहून रात्रीच्या गाडीने बर्फात येतो. ताजं तळून दिलं की लोक परत परत मागतात. पण डीप फ्रीझरमधलं पाकीट दिलं की तक्रार ठरलेली, पाकिटात पाणी सुटलंय, कटलेट तव्यावर फुटतंय, आतून कोरडं लागतंय. बांगड्याचं तर तिसऱ्या आठवड्यातच खवट व्हायला लागतं, आणि तो वास एकदा आला की मसाला कितीही घाला, जात नाही.

मसाले-केमिकलवाला जो माल देतो त्याने आधी पाणी धरून ठेवायला फॉस्फेट घालायला सांगितलं. आम्हाला ते नको, घरातल्या पोरांना जे देणार नाही ते गिऱ्हाइकाला कशाला द्यायचं हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलंय. मग तो म्हणाला ताई, सीवीड एक्स्ट्रॅक्ट घ्या, समुद्रशेवाळाचा अर्क, एकदम नॅचरल, पाणीपण धरतो, खवटपणापण थांबवतो, शेल्फ लाइफ डबल. पाकिटावर नुसतं 'सीवीड ब्लेंड' लिहिलंय, आत पांढरट पावडर. एकच पावडर ही सगळी कामं करते हे मला काही पटेना. कोणी वापरलंय का? नेमकं काय असतं हे?

निफाडची_बाग | सोमवार, रात्री ११:०५

ताई हे आमच्या द्राक्षावर मारतात तेच का? आमच्याकडे तर प्रत्येक बागेत सीवीडचा कॅन असतोय, फुटव्याला, मण्याची साइज व्हायला, उन्हाचा ताण पडला की फवारणीतून नाहीतर ड्रिपमधून सोडतो. काळं पाणी असतं, वास समुद्रासारखा. माझ्याकडे ५ लिटर पडून आहे, पाहिजे तर घेऊन जा, पण खायला चालतं का ते आधी विचारा कोणाला तरी.

अंबडचा_फूडटेक | सोमवार, रात्री ११:३०

दादा, मन मोठं आहे तुमचं पण ताई, ते अजिबात घालू नका!! आधी हे लिहितो मग बाकीचं सविस्तर.

शेतीचं सीवीड बहुतेक अॅस्कोफायलम नावाच्या थंड समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून, नाहीतर आपल्याकडे लागवड होते त्या कप्पाफायकस नावाच्या लाल शेवाळाच्या रसापासून करतात. बऱ्याचदा ते पोटॅशसारख्या अल्कलीने उकळून काढलेलं असतं, त्यात टिकवायला काय घातलंय, जड धातू किती आहेत हे खाण्याच्या हिशोबाने कोणी तपासत नाही. पिकासाठी चांगलं असेल, पोटासाठी नाही. डब्यावर फूड ग्रेड लिहिलेलं नसेल आणि प्रत्येक बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट मिळत नसेल तर ती वस्तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायलाच नको.

बाकीचं उद्या, ड्युटी आहे.

चुलीवरचं_सगळं | मंगळवार, सकाळी ८:१०

मला आधी वाटलं शेवळाबद्दल आहे धागा 😊 पावसाळ्यात बाजारात येतात ती शेवळं, काकडं घालून करतात ती भाजी. मग नीट वाचलं, शेवाळ आहे. पण माझाही प्रश्न आहे, आपण चायना ग्रास म्हणून आणतो ते पण शेवाळच ना? आई दुधात उकळून वड्या लावायची. ते नाही का चालणार कटलेटला, निदान घरातली माहितीची वस्तू.

अंबडचा_फूडटेक | मंगळवार, रात्री ९:५०

हो, चायना ग्रास म्हणजे अगर, तेही समुद्रशेवाळच, लाल जातीचं. तिथूनच सुरुवात करतो म्हणजे सोपं जाईल.

सीवीड एक्स्ट्रॅक्ट ही एक वस्तूच नाही. "वनस्पतीचा अर्क" म्हटल्यासारखं आहे ते, हळदीचा की एरंडाचा हे कळल्याशिवाय अर्थ नाही. माशाच्या पदार्थांत जे वापरतात त्यातलं अगर, कॅरागीनन आणि अल्जिनेट हे तिन्ही पाणी धरणारे, घट्ट करणारे. आणि चौथा प्रकार एकदम वेगळा, तपकिरी शेवाळातले पॉलिफेनॉल, जे तेल खवट होऊ देत नाहीत. पहिले तीन खवटपणावर काही खास करत नाहीत आणि चौथा पाणी धरत नाही. म्हणजे ताई तुमची शंका बरोबर होती, त्या विक्रेत्याने दोन वेगळी कामं एका पाकिटात बांधून दिली.

आता अगर. उकळल्यावर विरघळतो, साधारण ३५-४० डिग्रीला सेट होतो आणि परत वितळायला ८५ च्या आसपास जावं लागतं. म्हणून वडी उन्हाळ्यातपण बसून राहते. पण अगरची जेली ठिसूळ, आणि गोठवून वितळवली की स्पंजासारखं पाणी सोडते. जपानात अगर सापडला त्याची गोष्टच ही सांगतात, १६५८ च्या हिवाळ्यात एका खाणावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली बाहेर टाकली, रात्री गोठली, दिवसा वितळून पाणी निघून गेलं आणि मागे कोरडा अगर राहिला. म्हणजे गोठवून पाणी काढून टाकणं हीच तो करायची रीत, मग फ्रोझन कटलेटमध्ये तो पाणी धरेल कसा? डबाबंद माशाच्या जेलीत ठीक, तुमच्या कामाचा नाही.

कॅरागीननमध्ये कप्पा, आयोटा, लँब्डा असे प्रकार, आणि इथेच लोक फसतात. बाजारात स्वस्त आणि सहज मिळतो तो कप्पा, पोटॅशियमबरोबर कडक जेली करतो. पण त्याला ७०-८० डिग्रीपर्यंत तापवल्याशिवाय तो नीट फुगतच नाही. तुम्ही कच्चा खिमा मळून, कटलेट थापून गोठवत असाल तर तोपर्यंत कप्पा नुसती वाळू म्हणून बसलेला असतो, गिऱ्हाइकाने तळल्यावर जागा होतो. आणि शिजवून गोठवलंत तर कप्पाची जेली वितळताना पाणी सोडते. आयोटा त्याच्या उलट, कॅल्शियमबरोबर मऊ लवचिक जेली करतो आणि गोठवणं-वितळवणं छान सहन करतो. फिश बॉल उकडून मग गोठवता ना? तिथे आयोटा किंवा आयोटा जास्त असलेलं मिश्रण बघा, किलोला ४-५ ग्रॅमच्या वर जाऊ नका, नाहीतर रबर होतं.

कटलेटला मात्र माझं मत अल्जिनेटला. तपकिरी शेवाळातून काढतात, सोडियम अल्जिनेट, आणि हा थंडच सेट होतो, त्याला उष्णता लागत नाही, कॅल्शियम लागतं. एकदा सेट झाला की तव्यावर वितळत नाही. म्हणजे कच्चं कटलेट थापतानाच आत जाळी तयार होते, तेच पाणी अडवते आणि तेच फुटू देत नाही. किलो खिम्याला ५ ग्रॅमपासून सुरू करा, आणि कॅल्शियम लॅक्टेट अगदी शेवटी, थोड्या पाण्यात विरघळवून घाला. ते पडल्यावर मिनिटांत आवळायला लागतं, त्यानंतर मळत बसलात तर जाळी तुटते आणि खिमा भुसभुशीत होतो. सगळं हाताशी ठेवून मगच शेवटची स्टेप.

बंदरावरचा | मंगळवार, रात्री ११:१५

मी रत्नागिरीचा, सुरिमीच्या, म्हणजे धुतलेल्या माशाच्या खिम्याच्या प्लँटवर ११ वर्षं काढली, आता मुलीकडे सिडकोत असतो. आमच्याकडे खडपार शेवाळ कितीपण असता, कोण खाणा नाय. पण माशाचं काम हातातलं आहे म्हणून लिहितो, पावडरीच्या आधीचं.

ताई तुम्ही खिमा धुता का? बहुतेक घरगुती कामात धुत नाहीत, चव जाईल म्हणून. सुरिमीत राणी माशाचा खिमा बर्फाच्या पाण्यात धुऊन धुऊन पांढरा करतात, रक्त, चरबी, जे जे विरघळतं ते सगळं जातं, उरतं ते बांधणारं प्रथिन. मग साखर आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक पदार्थ), साधारण ४-४ टक्के, का तर गोठवल्यावर प्रथिन मोडू नये म्हणून. तुमच्या कटलेटात पाणी सुटतं त्याचं मूळ तिथे आहे, प्रथिन मोडलं की ते पाणी सोडून देतं. घरचा डीप फ्रीझर हळू गोठवतो, हळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात आणि मांस फाडतात. म्हणून कटलेट एकमेकांवर रचून ठेवू नका, स्टीलच्या ताटात एका थरात पसरा, कडक झाल्यावर मग पाकिटात. यालाच पैसे लागत नाहीत आणि याचाच फरक सगळ्यात जास्त.

दुसरं मीठ. मीठ मसाल्याबरोबर शेवटी टाकत असाल तर चुकतंय. खिम्यात आधी नुसतं मीठ, किलोला २० ग्रॅमच्या आसपास, आणि बर्फाचा चुरा घालून वाटायचं, चिकट लगदा होईस्तोवर. मिठानेच माशाचं प्रथिन बाहेर येतं, तोच खरा गोंद. वाटताना खिमा १० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही, मिक्सरचं भांडं आधी फ्रीझरमध्ये ठेवा. कांदा, बटाटा, आलं-लसूण त्यानंतर. आधी हे करून बघा, मग शेवाळ किती लागतं ते कळेल.

गोदाकाठची | बुधवार, दुपारी ३:२०

बंदरावरचे काका, खरंच मनापासून आभार. आम्ही मीठ शेवटीच घालत होतो आणि बटाटा सगळ्यात आधी!! खिमा धुतपण नाही. आणि अंबडचे दादा, एवढं सविस्तर आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, विक्रेत्याला फोन करून विचारलं ब्लेंडमध्ये कुठला कॅरागीनन, तर म्हणे "मॅडम ते कंपनी सिक्रेट". बाकीचं पाकीट परत देतेय.

बांगड्याचं काय करू पण? आमच्यात सगळ्यात जास्त खपतं तेच.

शिरगावची_पोस्टग्रॅड | बुधवार, संध्याकाळी ७:०५

मी मूळची सिन्नरची, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतेय, प्रोसेसिंग हाच विषय आहे म्हणून लिहायला हात शिवशिवतायत.

बांगडा, तारली यांच्यात जे ओमेगा-३ असतं ना, ज्याच्यासाठी डॉक्टर मासे खा सांगतात, तेच सगळ्यात लवकर खवट होतं, कारण त्या साखळीत दुहेरी बंध जास्त आणि ऑक्सिजन तिथेच चिकटतो. त्यात बांगड्याच्या दोन्ही कुशींना मधल्या रेषेजवळ कातडीखाली जे गडद लाल मांस असतं त्यात लोह भरपूर, ते या सगळ्याला हवा देतं. खिमा केला की हे सगळं एकत्र कालवलं जातं आणि हवेला उघडं पडतं, म्हणून अख्खा गोठवलेला बांगडा जितका टिकतो तितका त्याचा खिमा टिकत नाही.

तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन नावाचे पॉलिफेनॉल असतात, हे फक्त तपकिरी शेवाळातच मिळतात, आणि ते या साखळीला मध्येच अडवतात. आइसलँड आणि डेन्मार्कमध्ये फ्युकस नावाच्या शेवाळाच्या अर्कावर बरंच काम झालंय, कॉड माशाच्या खिम्यात घालून, फिश ऑइल असलेल्या पदार्थांत घालून. स्पेनमध्ये तर बर्फच शेवाळाच्या अर्काचा करून त्यात मासा ठेवायचे प्रयोग झालेत, मला ती कल्पना फार आवडली, कारण मासा तर आपण बर्फातच आणतो, मग बर्फालाच कामाला लावायचं. आपल्या किनाऱ्यावरच्या सरगॅसममध्येपण हे पॉलिफेनॉल असतात, पावसाळ्यानंतर खडकांवर ढीगभर असतं ते.

पण खरं सांगते ताई, आज तुम्ही बाजारात जाऊन फूड ग्रेड, ठरावीक ताकदीचा असा अर्क किलोभर आणाल अशी परिस्थिती नाहीये. ऋतूप्रमाणे त्याची ताकद बदलते, शेवाळ कुठल्या खडकावरचं, कधी कापलं, कशात काढलं, पाण्यात की अल्कोहोलमध्ये, सगळ्याने फरक पडतो. रंग तपकिरी येतो आणि थोडा तुरट-समुद्री वास येतो. बांगड्याच्या मसालेदार कटलेटात तो लपेल, रोहूच्या पांढऱ्या फिश बॉलमध्ये नाही लपणार.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. ते लाल मांस जमेल तेवढं काढून टाका, कालवणाला वापरा त्याच दिवशी. थंड पाण्यात धुवा. व्हॅक्यूम पॅक करा, छोटं मशीन मिळतं. आणि फ्रीझरचं तापमान उणे १८ आहे का ते थर्मामीटर ठेवून बघा, नाशिकला उन्हाळ्यात लाइट गेली की किती वेळ वर जातं तेही.

आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. बांगडा मुंबईहून येतो म्हणालात. वाटेत बर्फ कमी पडला तर बांगड्यात हिस्टामीन तयार होतं, जिवाणू करतात ते, आणि एकदा झालं की शिजवून, तळून, गोठवून कशानेच जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, खाज येते, डोकं दुखतं, लोक म्हणतात माशाची ॲलर्जी. ते कुठल्याच शेवाळाने कमी होत नाही. गाडी आली की आधी खोक्यात हात घालून बर्फ आहे का बघा, मगच पैसे द्या.

बंदरावरचा | बुधवार, रात्री ८:३०

पोरगी बरोबर सांगते. बर्फ नसेल तर खोका परत.

देवळालीची_आजी | गुरुवार, सकाळी ६:५५

मला थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत २२ वर्षं. समुद्राचं शेवाळ म्हणजे आयोडीन असं ऐकून आहे. तुमच्या कटलेटात हे घातलं तर आमच्यासारख्यांनी खायचं की नाही, हे कोणी सांगेल का. गोदाकाठची, तुझे कटलेट माझ्या सुनेने आणले होते, चव चांगली होती.

अंबडचा_फूडटेक | गुरुवार, दुपारी १:४०

आजी, प्रश्न अगदी योग्य. अख्खं वाळवलेलं शेवाळ किंवा त्याची भुकटी आणि त्यातून काढून शुद्ध केलेला अल्जिनेट किंवा कॅरागीनन यात मोठा फरक आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. कोंबू नावाचं जे जपानी तपकिरी शेवाळ आहे त्याच्या १ ग्रॅममध्येच २,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास असू शकतं, म्हणजे चिमूटभर भुकटीत कित्येक दिवसांचं. शुद्ध केलेल्या अल्जिनेटमध्ये धुण्याच्या-गाळण्याच्या प्रक्रियेत आयोडीन बहुतेक निघून जातं, आणि कटलेटात ते अर्धा टक्का. तरी गोळ्या चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावं. आणि ताई, तुम्ही "हेल्दी" म्हणून शेवाळाची भुकटी वरून भुरभुरवायचा विचार करत असाल तर करू नका. काही शेवाळांत आर्सेनिकही जास्त असतं, हिजिकी नावाच्या शेवाळाबद्दल बऱ्याच देशांनी खाऊ नका म्हणून सूचना दिल्यात.

सातपूरचा_अभि | गुरुवार, दुपारी २:१५

कॅरागीननने आतड्याला सूज येते, कॅन्सर होतो असे व्हिडिओ फिरतायत. त्याचं काय?

अंबडचा_फूडटेक | गुरुवार, रात्री १०:२०

ती चर्चा जुनी आहे. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांनी भीती सुरू झाली त्यातले बरेच पॉलिगीनन नावाच्या वस्तूवर होते, कॅरागीनन ॲसिडमध्ये तापवून त्याचे बारीक तुकडे केले की ती होते, आणि ती खाण्यात वापरतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेची जी संयुक्त समिती आहे तिने कॅरागीननला रोजची ठरावीक मर्यादा घालायची गरज नाही असं म्हटलंय. युरोपातल्या संस्थेने २०१८ मध्ये जास्त सावध भूमिका घेतली, तात्पुरती मर्यादा किलो वजनामागे ७५ मिलीग्रॅम, आणि आणखी अभ्यास मागितले. ६० किलोच्या माणसाला ते साडेचार ग्रॅम होतात. तुमच्या ५० ग्रॅमच्या एका फिश बॉलमध्ये पाव ग्रॅम. मी माझ्या मुलीला देतो, पण आतड्याचा आजार असलेल्या माणसाने नको म्हटलं तर त्याला हट्टाने पटवायला जाणार नाही, त्याला निवडता यावं म्हणून तर लेबल असतं.

लेबलचं निघालंच तर. पाकिटावर स्टॅबिलायझर म्हणून ॲडिटिव्हचा आंतरराष्ट्रीय नंबर (आयएनएस) लिहावा लागतो, अल्जिनेट आयएनएस ४०१, कॅरागीनन ४०७, आणि मासा ॲलर्जन म्हणून वेगळा सांगावा लागतो. "नॅचरल फिश कटलेट" असं मोठ्या अक्षरात छापू नका, एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे दाव्यांबद्दलचे नियम आहेत, अनेक घटक मिसळलेल्या पदार्थाला सरळ नॅचरल म्हणता येत नाही. तुमच्या प्रकारच्या पदार्थात कुठली वस्तू किती चालते ते ॲडिटिव्हच्या तक्त्यात पाहून, नाहीतर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून घ्या, छापून झाल्यावर नाही, आधी.

निफाडची_बाग | शुक्रवार, सकाळी ७:३०

वाचतोय सगळं, लई माहिती मिळतेय. एक विचारू का, हे शेवाळ येतं कुठून? आमच्या कॅनवर तामिळनाडू लिहिलंय.

शिरगावची_पोस्टग्रॅड | शुक्रवार, रात्री ९:१०

हो दादा, रामेश्वरम, मंडपम, पांबन तो सगळा पट्टा. कप्पाफायकस मूळ आपलं नाही, फिलिपिन्सकडचं, भावनगरच्या मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात ते भारतात आणून वाढवून बघितलं आणि २००० नंतर तिकडे व्यापारी लागवड सुरू झाली. बांबूचे चौकोनी तराफे, त्याला दोऱ्या, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे, ४५ दिवसांत कापणीला येतं. तराफ्यावरचं बरंचसं काम बायका करतात, बचत गटाच्या. खत नको, गोडं पाणी नको, जमीन नको.

पण एक बाजू अशीही आहे की मन्नारच्या आखातात हेच शेवाळ शेतातून सुटून प्रवाळांवर पसरलं, कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळ झाकून टाकले, २००८ च्या सुमाराला ते नोंदवलं गेलं. म्हणून कोकणात लागवड करायची म्हटली की मला आपल्याच जाती हव्याशा वाटतात, मालवणचे प्रवाळ आपल्याला परत मिळणार नाहीत. केंद्राच्या २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी पैसा ठेवला होता, महिलांना ६० टक्के अनुदान होतं. ताई, तुमच्यासारख्यांनी माल मागितला ना, तर आपल्या किनाऱ्यावर फूड ग्रेड अर्क काढणारं कोणीतरी उभं राहील. आत्ता कोकणातलं शेवाळ लाटेबरोबर येतं आणि वाळूत कुजतं, बघून जीव तुटतो.

चुलीवरचं_सगळं | शुक्रवार, रात्री ११:००

वाचनखूण साठवली. ताई, करून बघितलं की नक्की लिहा इथे.

गोदाकाठची | ५ आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ५:३०

आले परत, करून बघितलं. क्रमाने सांगते.

पहिल्या खेपेला शेवाळ काहीच नाही, नुसतं काकांनी सांगितलं तसं. रोहूचा खिमा दोनदा बर्फाच्या पाण्यात धुतला, फडक्यात बांधून पिळला, मीठ आधी, बर्फ घालून वाटला, ताटात एका थरात गोठवला. काका, अर्धा त्रास तिथेच संपला. तीन आठवड्यांनी पाकीट काढलं तर पाणी होतं पण पूर्वीसारखं डबकं नाही, आणि तव्यावर दहातलं एखादंच फुटलं.

दुसऱ्या खेपेला अल्जिनेट, फूड ग्रेड, सर्टिफिकेट मागून घेतलं, किलोला ५ ग्रॅम. आणि ती खेप पार वाया गेली. पावडर पाण्यात टाकली तर नुसत्या गाठी, डोळ्यासारख्या, बाहेरून चिकट आतून कोरड्या, चाळणीतून काढल्या तरी परत. दोन किलो मासा गेला, रडू यायचं बाकी होतं. अंबडच्या दादांना मेसेज केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं? बोअरचं. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड की कुकरला पांढरा थर धरतो, आणि त्या पाण्यातच कॅल्शियम, म्हणजे अल्जिनेट विरघळायच्या आधीच आवळत होतं. मग आरओचं पाणी घेतलं, पावडर आधी दोन चमचे तेलात कालवली, मिक्सर चालू ठेवून थोडी थोडी सोडली आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी मधासारखं गुळगुळीत. ते खिम्यात, मग कांदा-मसाला, आणि अगदी शेवटी कॅल्शियम लॅक्टेट, आम्ही तिघी ताटं मांडून तयार बसलो होतो, पटापट थापून काढली.

चार आठवड्यांनी काल ते पाकीट उघडलं. पाणी नाममात्र. कटलेट न वितळवता सरळ तव्यावर टाकलं, एकही फुटलं नाही, आणि आतून ओलसर. माझ्या सासऱ्यांना दोन्ही खेपांची न सांगता दिली, त्यांनी अल्जिनेटचं उचललं पण म्हणाले किंचित चिवट आहे. म्हणून आता किलोला ४ ग्रॅमवर आणतेय. फिश बॉलला आयोटा अजून मिळाला नाही, सगळे कप्पाच दाखवतात, शोधतेय.

बांगड्याचं मी ठरवलं, खिमा करून गोठवायचा नाही. बुधवारी आणि शनिवारी गाडी येते त्याच दिवशी ऑर्डरप्रमाणे ताजे कटलेट, लाल मांस काढून, उरलं तर विकायचं नाही. गेल्या शनिवारी एका खोक्यात बर्फ अर्ध्यावर आला होता, खोका परत पाठवला, गाडीवाला चिडला. दुकानदार पण नाराज आहेत, त्यांना फ्रीझरमध्ये ठेवायला बांगडाच हवा होता. शिरगावच्या ताईंचा सरगॅसमचा अर्क कधी फूड ग्रेडमध्ये मिळायला लागला तर मी पहिली गिऱ्हाईक.

देवळालीच्या आजी, तुमच्यासाठी अल्जिनेट न घालता वेगळी पाकिटं ठेवलीत, वर हिरवी चिकटपट्टी लावलीय. सुनबाईंना सांगा, शनिवारी मिळतील.

बंदरावरचा | रविवार, रात्री ९:००

खोका परत पाठवलात हे वाचून बरं वाटलं. रोहूचे बारीक काटे कसे काढता, हाताने?

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:२५

हाताने नाही होत काका. आधी पाठीकडून बारीक चिरे देतो मग दोनदा बारीक जाळीतून काढतो, तरी एखादा राहतो. काटे वेगळे करायचं मशीन कुठे भाड्याने वापरायला मिळेल का नाशिकमध्ये, कोणाला माहीत असेल तर सांगा, त्यासाठी नवीन धागा काढते.